कूलरपुढचा मोर

मे महिन्यात आमच्या घरातला सर्वांत मानाचा सदस्य म्हणजे कूलर. त्यानंतर बाबा, मग गोंदियाहून आलेले मामा, मग आई, आणि उरलेल्या जागेत मी. कॅम्प-१ या कामगार वस्तीतलं आमचं घर दोन खोल्यांचं, मागे स्वयंपाकघर. पुढच्या खोलीच्या खिडकीत पत्र्याचा तो अवाढव्य खोका बसवलेला, तिन्ही बाजूंना वाळ्याच्या ताट्या, पोटात पाणी. सुरू झाला की असा घरघराट, की शेजारी भांडण जुंपलं तर आम्हाला नुसती तोंडं हलताना दिसत, शब्द एक ऐकू येत नसे. उन्हाळ्यातली ही आमची फार मोठी गैरसोय होती.

मामा म्हणजे आईचे थोरले भाऊ. दरवर्षी मे महिन्यात बहिणीला भेटायला येत. पिशवी दाराशी ठेवून आधी कूलरपुढे उभे राहत, बंडी वर करून पोटाला वारा घेत, पाठ फिरवून पाठीला घेत, आणि दोन्ही बाजू निवल्या की बहिणीकडे वळून म्हणत, "काय वो बाई, बरी हाय ना?"

त्या वर्षी त्यांनी पिशवीतून आंब्यांसोबत माझ्यासाठी एक नोकरीही आणली होती. मी बावीस वर्षांची, बी.ए. झालेली, टायपिंगची परीक्षा पास. मामांच्या ओळखीच्या राइस मिलमध्ये टायपिस्ट हवी होती. राहायचं मामांकडे, जेवायचं मामीच्या हातचं. वाईट काहीच नव्हतं त्यात, म्हणून तर मला ते मोडता येईना. आईनं मधला मार्ग काढला: महिनाअखेर मामा परत जातील तोवर हिला इथं काही काम मिळालं तर राहील, नाही तर जाईल मामांसोबत.

मला टाइप करता येत होतं, पण आवडत नव्हतं. आवडायचं कापायला. गणपतीत आमच्या गल्लीतल्या सगळ्या मराठी घरांची थर्माकोलची मखरं मी कापत असे. कमानी, जाळ्या, कळस, सगळं एका पात्यानं. कात्री, सुरी, ब्लेड, जे हातात येईल ते घेऊन मी घरभर फिरायची आणि आई कॅलेंडरं लपवून ठेवायची.

म्हणून एके सकाळी मी बाजारातल्या रेडियमच्या दुकानात जाऊन उभी राहिले. गाड्यांवर चिकटवायच्या चकचकीत रंगीत प्लास्टिकला आमच्याकडे सगळे रेडियमच म्हणत. वर रंगाचा पातळ पापुद्रा, त्याखाली गोंद, गोंदाखाली मेणचट कागद. चित्र कापायचं ते असं, की पापुद्रा कापला जावा आणि कागदाला कळूही नये. मग आजूबाजूचा फालतू भाग सोलून काढायचा, कागदावर चित्र तेवढं उरतं, ते उचलून गाडीवर लावायचं. दुकानाचा कारागीर नुकताच रायपूरला स्वतःचं दुकान टाकायला निघून गेला होता, ही बातमी मला भाजीवालीकडून कळली होती.

दुकानाचे शेठ जाड चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिले. "बिटिया, ये मेहंदी नहीं है."

"मेहंदी मुझे आती भी नहीं," मी म्हणाले.

याचं त्यांना हसू आलं असावं, पण त्यांनी ते मिशीतच ठेवलं. मागच्या फळीवरून हिरव्यानिळ्या रेडियमच्या तीन शीट काढल्या आणि एक कागद पुढे केला. कागदावर पिसारा फुलवलेला मोर होता. कोहक्याच्या एका बसमालकाला तो बसच्या पुढच्या काचेवर हवा होता, अख्खा, एकसंध. बत्तीस पिसं, प्रत्येकाचं टोक सरड्याच्या जिभेसारखं बारीक.

"तीन शीट हैं. इस रंग की इतनी ही बची हैं. एक भी मोर साफ निकल आया, तो दुकान का सारा कटिंग तुम्हारा. नहीं निकला, तो मैं रायपुर भेजूंगा. शनिवार तक."

तो मंगळवार होता. मामा रविवारी सकाळी जाणार होते. मी शीट छातीशी धरून घरी आले ती जणू मोर अंगणात नाचतोच आहे अशा थाटात.

दुपारी पुढच्या खोलीत कामाला बसले. घरात जेवढी थंड जागा होती तेवढी कूलरपुढे, म्हणून मी बरोबर कूलरच्या तोंडाशी चटई टाकली. मामा डाव्या हाताला आडवे, आई उजव्या हाताला मेथी निवडत. शोकेसची सरकती काच काढून मी पुढ्यात ठेवली, तिच्यावर शीट, हातात बाबांच्या दाढीचं नवं ब्लेड. चोच कापली, तुरा कापला, मान कापली. मान इतकी सुरेख वळली की मी मामांना उठवून दाखवली.

"मान छान हाय," मामा म्हणाले आणि पुन्हा झोपले.

मग पिसं आली आणि माझा दिमाख उतरला. पहिलं पीस कापून दुसऱ्याकडे वळावं तोवर पहिल्याचं टोक कागदावरून उचलून वर आलेलं. बोटानं दाबलं की बसे, बोट काढलं की पुन्हा मान वर. पाचव्या पिसापर्यंत पाचही टोकं उभी, आणि त्यांच्या उघड्या गोंदावर आमच्या गावाची लालसर धूळ येऊन बसली. दाबून बसवायला गेले तर एक पीस दुसऱ्याला चिकटलं, दुसरं माझ्या अंगठ्याला. संध्याकाळी माझ्याकडे मोराऐवजी ओल्या कोंबडीसारखं काहीतरी होतं.

बुधवारी सकाळी शेठकडे गेले. त्यांनी शीट उलटसुलट बघितली. माणूस तिरकस, पण शिकवण्यात कंजूष नव्हता. "ब्लेड हर चार पंख पे बदलो. हाथ मत घुमाओ, कागज़ घुमाओ. और नोक की तरफ मत काटो, नोक से शुरू करो. पत्ती नोक की तरफ जाएगी तो उसको धकेल के उठा देगी."

हे सगळं खरं होतं, आजही मी तसंच कापते. बुधवारी दुपारी मी तंतोतंत तसं केलं. दर चार पिसांना नवं पातं घेतलं. शीट फिरवली, हात नाही. टोकापासून सुरू करून आत आले. तरीही दहाव्या पिसाला मागं वळून बघते तो पहिली पाच टोकं उठून बसलेली. आता तर न कापलेल्या कडासुद्धा वर येऊ लागल्या होत्या. शीटचा कोपरा तव्यावरच्या पापडासारखा वळत होता. बाविसाव्या पिसाला मी ब्लेड खाली ठेवलं. दुसरी शीटही गेली.

मामांनी एक डोळा उघडला. "राहू दे ना बाई. तिकडं टाइपराइटर हाय, त्याची अक्षरं नाही उचलत."

ते चिडवत नव्हते, समजूत घालत होते, आणि त्यामुळेच मला रडू आलं. मी उठून स्वयंपाकघरात गेले. तिथं कूलरचा वारा पोचत नसे. चुलीजवळ भट्टीच. ताटलीत दुपारच्या जेवणातला तळलेला पापड उरला होता, तो रागारागानं तोंडात टाकला. कुर्र आवाज झाला. मग आणखी एक हवासा वाटला, तो पुढच्या खोलीत मामांच्या उशाशी वाटीत होता. तोही टाकला. हा मात्र चामड्यासारखा. दात लागेना.

मी दोन्ही पापडांच्या मध्ये दारात उभी राहिले.

"आई, हा पापड कधीचा?"

"दोन्ही आत्ताचेच. एकाच घाण्यातले."

"मग हा असा कावून?"

आईनं माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं, की बी.ए.पर्यंत शिकवून काय मिळवलं. "कूलरपुढे ठेवला तं सादळीन नाही तं काय होईन? त्याच्यातून ओलीच हवा येते ना वो."

मी मामांना ओलांडून शीटकडे धावले. मागचा मेणचट कागद बोटांत धरला. काल दुकानातून आणला तेव्हा कडक, करकरीत होता. आता मऊ, किंचित फुगलेला. कागद सादळला होता. ओल खाऊन कागद वाढत होता, वरचं प्लास्टिक वाढत नव्हतं, आणि दोघांचं जमेनासं झालं की बारीक टोकं आधी हात सोडून देत होती. ब्लेडचा दोष नव्हता, माझ्या हाताचाही नव्हता. दोन दिवस मी माझ्या मोराला कूलरपुढे बसवून सादळवत होते.

आता मला कूलर बंद हवा होता. कॅम्प-१ मध्ये, मे महिन्यात, दुपारी, पाहुणे घरात असताना. यापेक्षा मामांची दाढी मागणं सोपं गेलं असतं.

"दुसऱ्या खोलीत कर," आई म्हणाली. दुसऱ्या खोलीत उजेड नव्हता, दार उघडं ठेवलं तर ओल तिथंही पोचत होती, आणि स्वयंपाकघरात तर भट्टीच. मी उरलेली तिसरी शीट पिशवीत गुंडाळून गादीखाली ठेवली, आणि सगळ्यांना उभं करून भाषण दिलं. कोरड्या आणि सादळलेल्या पापडाचे तुकडे दोन हातांत घेऊन. मामांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"म्हणजे तुझा मोर वाळला पायजे म्हणून आम्ही शिजायचं?"

"तीनच तास, मामाजी. उद्या बारा ते तीन."

"अवो बाई," मामा आईला म्हणाले, "मी बहिणीकडे आलो हाय का सासरी?"

बाबा पहिल्या पाळीहून येऊन नुकतेच टेकले होते. ते पोलादाच्या प्लांटमध्ये भट्टीवर काम करायचे. घरी आले की अर्धा तास कूलरपुढे बसून एक शब्द बोलत नसत, आणि आम्हीही तो अर्धा तास त्यांच्यापुढून जात नसू. त्यांनी ऐकलं, उठले, आणि कूलरचं बटन खाली केलं. घरघर थांबली. शेजारच्या घरातला रेडिओ एकदम ऐकू यायला लागला.

"पाहुणे," बाबा म्हणाले, "मी आठ घंटे भट्टीपुढे उभा राहतो. तीन घंट्यानं तुमाले काही होत नाही जी. पोरगी करून राहिली त करू द्या."

बाबा अशी तीन वाक्यं सलग फार क्वचित बोलत.

मग मला वाटलं, संपलं, जिंकले. पण शेवटच्या शीटला हात लावायची हिंमत होईना, म्हणून आधी वाया गेलेल्या तुकड्यांवर करून बघितलं. टोकं उचलली नाहीत हे खरं. पण आता खोली तापली आणि गोंद वितळला. पातं फिरलं की त्याच्यामागे गुळाच्या पाकासारखी तार यायची, आणि कापलेला तुकडा तिच्याबरोबर ओढला जाऊन सरकायचा. कूलर लावला तर सादळतो, बंद केला तर वितळतो. मी काचेवर डोकं टेकवून बसले.

बाबा भिंतीला पाठ लावून घाम पुसत होते. "आमच्या भट्टीची भिंत कावून नाही वितळत, सांग बरं."

"मले काय माहीत."

"भिंतीच्या आतून पाणी फिरते. नळ्या हायेत. पाणी आगीले लागत नाही, नुसतं भिंतीले थंड ठेवते." त्यांनी माझ्या काचेवर बोट वाजवलं. "हे तुझी भिंत."

आईला मी परात मागितली. मोठी, लग्नाकार्यात कणीक भिजवायची, पितळेची. तिच्यात माठातलं पाणी काठोकाठ ओतलं, वर शोकेसची काच अशी ठेवली की पाणी खालून काचेला टेकेल. काच कोरडी, पण हात ठेवला तर गार. तुकडा तिच्यावर ठेवून पाच मिनिटं थांबले आणि पातं फिरवलं. तार आली नाही. तुकडा जागचा हलला नाही. टोकावर बोट ठेवून उचललं. टोक जसं होतं तसं.

बाबा तोवर भिंतीशीच झोपून गेले होते.

गुरुवारी बारा वाजता कूलर बंद झाला. दारं आणि खिडक्यांच्या काचा बंद, पंखाही बंद, कारण पंख्यानं कापलेले तुकडे उडतात. मामा बंडी काढून, ओला टॉवेल डोक्यावर घेऊन बसले.

"मामाजी, टॉवेल माझ्या मोरापासून लांब."

"मामा मेला तरी चालते, मोराले पाणी लागू नये," मामा म्हणाले आणि दोन हात मागे सरकले.

मी चोचीपासून सुरुवात केली. तास गेला. काच कोमट व्हायला लागली, हे मला हाताला कळलं, पण थांबून पाणी बदलायचं म्हणजे शीट उचलायची, आणि ती आता उचलायची नव्हती. मी नुसतं "पाणी" म्हणाले. आई झोपली होती. थोड्या वेळानं काचेखाली हळूच गळगळ ऐकू आली. मामा ओगराळ्यानं माठातलं गार पाणी परातीच्या कडेनं, काचेला थेंब न लावता आत सोडत होते, आणि दुसऱ्या कडेनं वाटीनं कोमट पाणी काढून घेत होते. मी वर बघितलं नाही. मग दर थोड्या वेळानं गळगळ होत राहिली.

आठ पिसं झाली. सोळा झाली. सोळाव्यानंतर मामा पिसं मोठ्यानं मोजू लागले. माझ्या घामाचा थेंब नाकाच्या टोकाशी लोंबू लागला की तेच म्हणायचे, "थांब," आणि टॉवेलचं कोरडं टोक पुढे करायचे. "सत्तावीस. आता घाई नको करू. सत्तावीसपर्यंत कोणी बी येते."

"तुम्ही किती मोर कापले, मामाजी?"

"हाच पहिला."

बत्तिसावं पीस तीनच्या जरा पुढे झालं. पण खरा जीव टांगणीला लागतो तो सोलताना. आजूबाजूचा फालतू भाग वर ओढला तर तो पिसांनाही घेऊन उठतो. तो उलटा दुमडून, कागदाला जवळजवळ चिकटून, गोगलगायीच्या चालीनं मागं ओढायचा. मी एका कोपऱ्यातून सुरुवात केली. आई उठून दारात आली होती. बाबा पाळीहून परत येऊन चपला हातात घेऊनच उंबऱ्यावर उभे. कूलर बंद, पंखा बंद, आणि चार माणसं एका मोराभोवती श्वास धरून. विसाव्या पिसाचं टोक किंचित हललं. मामांचा हात पुढे आला आणि त्यांच्या अंगठ्याच्या नखानं ते टोक जागच्या जागी दाबून धरलं. मी सोलत पुढे गेले. त्यांनी नख हळूच काढलं. टोक बसलेलं.

फालतू भाग अख्खा हातात आला, मोराच्या आकाराची मोठी खिडकी पडलेला. कागदावर मोर उरला. आईनं आधी माझ्याकडे बघितलं, मग आपल्या भावाकडे, आणि कूलर लावायला निघाली. तिला आम्ही तिघांनी एकदम अडवलं. मोर अजून घरातच होता.

शेठच्या दुकानापर्यंत दहा मिनिटांचा रस्ता, चार वाजताचं ऊन. गोंद वितळू नये म्हणून दोन पुठ्ठ्यांमध्ये शीट सपाट धरून मी चालत होते आणि मामा माझ्याशेजारून छत्री धरून. छत्री पूर्ण मोरावर होती. मामा उन्हात, मी उन्हात. बाजारातल्या एका बाईनं, काय नेतेस म्हणून तिच्या बोलीत विचारलं, "का लेजाथस?" मामा रुबाबात म्हणाले, "मोर."

शेठनी पुठ्ठा उघडला. मोराच्या पिसाऱ्यावरून तळहात उलटा फिरवला, टोकांच्या विरुद्ध दिशेनं, मांजराला चिडवतात तसा. एकही टोक हाताला लागलं नाही. मग शीटची कड हळूच वाकवली आणि दिव्याकडे धरली. मागच्या कागदावर पात्याची एकही आरपार रेघ नव्हती.

"रायपुर वाला इतना साफ नहीं काटता था," ते म्हणाले, मला नाही, मोराला. मग माझ्याकडे वळले. "कैसे किया?"

"सीक्रेट है."

"मेरी शीट, मेरा डिज़ाइन, और सीक्रेट तुम्हारा?"

"जी."

या वेळी हसू मिशीतून बाहेर आलं. "सोमवार से दुकान पे बैठो."

मी म्हणाले, घरी कापीन, सकाळी नेईन, संध्याकाळी आणून देईन. त्यांना वाटलं, मी घरच्यांच्या धाकानं म्हणते आहे. खरं तर दुकानात त्यांच्या डोक्यामागे मोठा कूलर घरघरत होता. पण ते मी सांगितलं नाही. कितीतरी वर्षं शेठ गिऱ्हाइकांना सांगत असत की ही मुलगी कापण्याआधी काहीतरी मंत्र म्हणते. मीही कधी नाही म्हटलं नाही. उलट त्यांच्या देखत पातं हातात घेतलं की ओठ जरा हलवायचे.

त्यांनी लाल, पिवळ्या आणि पांढऱ्या शीटची जाड गुंडाळी माझ्या हातात दिली. वैशाली नगरच्या एका शाळेच्या रिक्षा होत्या, शनिवारपर्यंत द्यायच्या. परतताना मामा छत्री त्या गुंडाळीवर धरून चालले होते.

घरी आल्यावर मामा कूलरपुढे उभे राहिले. आधी पोट, मग पाठ. मग बहिणीकडे वळले.

"बाई, पोरीचा गोंदियाचा विचार सोडून दे. मी मिलवाल्याले सांगतो, दुसरी पाहा म्हणून. हिचं काम इथंच हाय."

आईनं पदरानं डोळे पुसले, आणि मामांना चहा ठेवायला आत गेली.

"उद्या काय कापून राहिली तू?" मामांनी मला विचारलं.

"शाळेच्या रिक्षांची नावं. बारा ते तीन."

"अन् परवा?"

"परवा पण."

मामांनी कूलरच्या वाऱ्यात डोळे मिटून थोडा विचार केला. रविवारी सकाळी जाणारे मामा शुक्रवारी सकाळच्या गाडीनं गेले. जाताना मला जवळ बोलावून डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "पाणी बदलत राहजो. काच कोमट होऊ देऊ नको." मी स्टेशनवर सोडायला येते म्हटलं, तर मला दारातूनच परत पाठवलं. दहा वाजत आले होते, आणि परातीत पाणी भरायचं बाकी होतं.